‘साधी पांढरी टेप घे’

सॅन होजेहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून थोडक्यात देते.

वय ४८. मूळचे सांगलीकडचे, अमेरिकेत २० वर्षं. १६ वर्षांच्या मुलाला आइस हॉकीचं वेड. तिथल्या मुलांच्या एका संघात तो गोलकीपर आहे. दर हिवाळ्यात ओळखीतली आठ-दहा मराठी कुटुंबं मिळून सॅन होजे शार्क्स या तिथल्या आइस हॉकी संघाची एक मॅच बघायला जातात. तिकिटांपासून पार्किंगपर्यंत सगळं हेच गृहस्थ बघतात. यंदा ३४ तिकिटं काढून झाल्यावर कळलं, की ती मॅच ‘प्राइड नाइट’ची आहे, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर आणि एकूणच एलजीबीटीक्यू लोकांचं मैदानात स्वागत करण्यासाठी ठेवलेली. ग्रुपवर गदारोळ झाला. ‘बरोबर लहान मुलं आहेत.’ ‘आपल्याकडे नव्हतं हे असलं काही.’ यांनी लिहून टाकलं, ‘तिकिटं बदलून घेतो. ज्याला जे करायचं ते त्याने आपल्या घरात करावं, चारचौघांत प्रदर्शन कशाला? खेळ खेळासारखा बघू द्या.’ त्यावर २२ अंगठे आले. मुलगाही त्याच ग्रुपवर आहे. रात्री खोलीच्या दारात उभा राहून तो म्हणाला, ‘बाबा, मी येणार नाही. या मॅचला नाही आणि बदलाल त्या मॅचलाही नाही.’ त्याला आता अकरा दिवस झाले. घरात कामापुरतं बोलणं. बायको म्हणते, वय आहे, होईल नीट. यांना मात्र ऑक्टोबरमधली एक गोष्ट आठवत राहते. दुकानात मुलाने हॉकी स्टिकला गुंडाळायची इंद्रधनुषी रंगांची टेप हातात घेतली होती, तेव्हा हे म्हणाले होते, ‘साधी पांढरी टेप घे.’

ते विचारतात, तिकिटं बदलू की नको? मुलाला सरळ विचारू का, तू ‘तसा’ आहेस का म्हणून? ‘आणि ताई, मी कुणाचा द्वेष करत नाही. खेळ या सगळ्यापासून लांब ठेवा, एवढंच म्हटलं. इतकं काय चुकलं?’

नमस्कार.

आधी एक कबुली. आइस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पत्रात तुम्ही दोनदा ‘आयसिंग’ म्हणालात; मला केकवरचं तेवढं माहीत. तेव्हा खेळाबद्दल काही चुकलं तर मुलाकडून दुरुस्त करून घ्या.

तुमचं पत्र चार पानी आहे. साडेतीन पानं तिकिटं, ग्रुप, कोण काय म्हणालं. टेपचा प्रसंग शेवटच्या पानावर, पाच ओळींत, ‘जाता जाता सांगतो’ म्हणून. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचतेय, खरं दुखणं बहुतेक जण ताजा कलमातच लिहितात. तरी मी तुमच्याच क्रमाने जाते, कारण ‘इतकं काय चुकलं’ हे तुम्ही मनापासून विचारलं आहे आणि हा प्रश्न एकट्या तुमचा नाही.

‘खेळ खेळासारखा बघू द्या.’ तुम्ही क्रिकेट बघत वाढलात, म्हणून तिथून सुरुवात करते. बाळू पालवणकर हे नाव ऐकलं असेल. डावखुरे फिरकी गोलंदाज, जातीने चांभार. पुण्यात हिंदूंच्या संघासाठी ते बळी मिळवायचे आणि चहाच्या सुट्टीत त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. आतले लोक कपबशीत पीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत दिलं गेलं नाही. १९२३ साली ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. त्या मातीच्या भांड्याबद्दल मैदानावर कुणी तोंड उघडलं असतं, तर त्यालाही ‘खेळात हे कशाला आणता’ असंच ऐकून घ्यावं लागलं असतं. भांडं तर आधीच आणून ठेवलेलं होतं. फक्त त्याबद्दल बोलायचं नव्हतं.

आता अलीकडचं. बंगळुरूचा आयपीएल संघ २०११ पासून मोसमात एक सामना पर्यावरणासाठी म्हणून हिरव्या जर्सीत खेळतो. मुंबई इंडियन्स एका सामन्याला वानखेडे स्वयंसेवी संस्थांच्या हजारो मुलांनी भरून टाकतात. सिडनीची जानेवारीतली कसोटी कर्करोगाच्या रुग्णांसाठी गुलाबी होते. मार्च २०१९ मध्ये रांचीला आपला संघ लष्करी टोप्या घालून उतरला. यातल्या कशालाही तुम्ही ‘खेळ खेळासारखा बघू द्या’ म्हणाला होतात का? मीही नव्हते म्हणाले. म्हणजे खेळात बाहेरचं काहीच आणू नये, असा आपला नियम नाहीच. ‘हे’ आणू नये, असा आहे. असू शकतो एखाद्याचा. पण मग तो तसाच उच्चारावा. ‘खेळ’ हा शब्द पुढे करून त्याच्या मागे उभं राहू नये.

दुसरं वाक्य याहून जड आहे. ‘ज्याला जे करायचं ते त्याने आपल्या घरात करावं.’

अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये खेळ थांबला, की कॅमेरा प्रेक्षकांतली जोडपी शोधतो. मोठ्या पडद्यावर आपण दिसतोय म्हटल्यावर ती एकमेकांचा मुका घेतात आणि हजारो लोक टाळ्या पिटतात. ‘किस कॅम’ म्हणतात त्याला, हे तुम्ही मला सांगायला हवं. तुमच्या ग्रुपमधल्या लहान मुलांनीही ते कधी ना कधी बघितलं असेल, नाचोज खात खात. कुणी तिकिटं बदलली नाहीत. आणि ऑगस्ट २००० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये, बेसबॉलच्या सामन्यात, दोन बायकांनी एकमेकींचा मुका घेतला तर सुरक्षारक्षकांनी त्यांना बाहेर काढलं. नंतर क्लबने माफी मागितली, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. चारचौघांतल्या ज्या गोष्टीला एका जोडप्याला टाळ्या मिळतात, तिच्यासाठी दुसऱ्याला दार दाखवलं जातं. प्राइड नाइटसारखे कार्यक्रम का सुरू झाले असतील, याचं उत्तर मला तरी यात सापडतं.

त्याच क्लबची त्याआधीची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २ ऑक्टोबर १९७७. डॉजर्सच्या डस्टी बेकरने मोसमातला तिसावा होम रन मारला. तो धावून परत आला, तेव्हा पुढच्या फलंदाजीसाठी थांबलेल्या ग्लेन बर्क नावाच्या तरुण खेळाडूने हात उंच वर धरला आणि बेकरने त्यावर टाळी दिली. ‘हाय-फाइव्ह’ची ही सुरुवात मानली जाते. तुमचा मुलगा गोल वाचवला की तीच टाळी देत असेल. ग्लेन बर्क समलिंगी होता आणि संघात ते बऱ्याच जणांना माहीत होतं. व्यवस्थापनाने आपल्याला लग्न कर म्हणून गळ घातली, मधुचंद्राचा खर्चही देऊ केला, असं त्याने पुढे सांगितलं. त्याने नकार दिला. १९७८ मध्ये त्याची ओकलंडला रवानगी झाली, म्हणजे तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, आणि थोड्याच वर्षांत कारकीर्द संपली. १९९५ मध्ये तो एड्सने गेला. ‘लग्न लावून द्या, सुटेल’ हा फक्त आपल्याकडच्या मावश्या-आत्यांचा तोडगा आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

‘आपल्याकडे नव्हतं’ हे तुमचं वाक्य नाही, ग्रुपवरच्या कुणाचं तरी आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. एवढंच सांगते. १९३४ साली मुंबईत र. धों. कर्व्यांवर खटला झाला होता. गुन्हा काय, तर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली. त्यात समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही होते. म्हणजे तेव्हाच्या मराठी मुलखात असे प्रश्न पडणारे वाचक होते, ते लिहीत होते आणि कर्वे उत्तर देत होते. कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. सल्ल्याचं सदर लिहिणाऱ्या माझ्यासारखीला तो आपल्या घराण्याचा इतिहास वाटतो.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू या, कारण तिच्यात सगळेच लोक द्वेषाने पेटलेले नाहीत. तुम्हीही नाही.

प्राइड नाइटमध्ये धंदा आहेच. जून, म्हणजे प्राइडचा महिना, आला की बोधचिन्ह इंद्रधनुषी रंगवायचं, जुलै उजाडला की पुसायचं, मधल्या काळात टी-शर्ट विकायचे, हे मलाही खटकतं. क्लबांची धांदलही होते. २०२३ मध्ये याच डॉजर्सनी नन्सच्या वेशात कार्यक्रम करणाऱ्या एका समलिंगी गटाला सन्मानासाठी बोलावलं. कॅथलिक संघटना दुखावल्या, म्हणून आमंत्रण मागे घेतलं. मग दुसरीकडून टीका झाली, म्हणून काही दिवसांत माफी मागून पुन्हा बोलावलं. आपली श्रद्धा चेष्टेचा विषय झाली असं ज्यांना वाटलं, त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. खेळाडूंवर सक्ती हाही प्रश्न खरा आहे. जुलै २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅनली या रग्बी क्लबने इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी जाहीर केली आणि सात खेळाडूंनी धर्माचं कारण सांगून सामना सोडला. क्लबने त्यांना आधी विचारलंच नव्हतं. प्रशिक्षकांना जाहीर माफी मागावी लागली. माझं मत विचाराल तर कुणाच्याही अंगावर बळजबरीने जर्सी चढवू नये. न विचारता चढवलेल्या कपड्यात आदर कुठून येणार?

आणि आता तुमच्या हॉकीकडे येते. जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघातल्या इव्हान प्रोव्होरोव्हने आपल्या ऑर्थोडॉक्स श्रद्धेचं कारण देऊन सरावाच्या वेळची प्राइड जर्सी घालायला नकार दिला. मग एकेक करत आणखी काही खेळाडू मागे सरले, काही संघांनी जर्सीच रद्द केल्या. १८ मार्च २०२३ ला तुमच्याच सॅन होजेत, एसएपी सेंटरमध्ये, शार्क्सच्या जेम्स रायमरने जर्सी घातली नाही. गोलकीपरच, योगायोगाने. त्याने निवेदन काढलं. बायबलवर आपली श्रद्धा आहे, ती आपल्याला याला पाठिंबा देऊ देत नाही, असं त्यात होतं. पण माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही, प्रत्येक माणसाला मोल आहे आणि एलजीबीटीक्यू लोकांचं हॉकीत सगळीकडे स्वागत व्हायला हवं, असंही त्याने त्याच निवेदनात म्हटलं.

रायमरशी मी सहमत नाही. तरी त्याचं निवेदन आणि तुमचा ग्रुपवरचा संदेश शेजारी शेजारी ठेवून बघा. तो स्वतःबद्दल बोलला: मला जमणार नाही. तुम्ही दुसऱ्यांबद्दल बोललात: त्यांनी घरात राहावं. रायमरचं निवेदन वाचणाऱ्या एखाद्या समलिंगी मुलाला वाईट वाटलं असेल, पण आपण मैदानात यायचं की नाही याचा निवाडा त्यात त्याला सापडला नसेल. तुमच्या संदेशात तो आहे, बावीस सह्यांसकट. ‘इतकं काय चुकलं’ याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच.

पुढचा भाग तुमच्या मुलाला नक्की पाठ असणार, तुम्हाला असेलच असं नाही. जून २०२३ मध्ये एनएचएलने, म्हणजे शार्क्स ज्या लीगमध्ये खेळतात तिने, सरावाच्या सगळ्याच खास जर्सी बंद केल्या. प्राइडबरोबर लष्कराच्या आणि कर्करोगग्रस्तांसाठीच्याही गेल्या. एलजीबीटीक्यू लोकांना पाठिंबा म्हणून स्टिकला इंद्रधनुषी टेप लावतात; ऑक्टोबरमध्ये लीगने तिच्यावरही बंदी घातली. २१ ऑक्टोबरला ॲरिझोनाच्या ट्रॅव्हिस डर्मॉटने ती टेप लावूनच सामना खेळला. कुणाला न विचारता. तीन दिवसांत लीगने बंदी उठवली.

दुकानात मुलाच्या हातात होती ती ही टेप. रंगीत पट्टी म्हणून तुम्ही ती खाली ठेवायला सांगितलीत. ती हातात घेताना त्याच्या मनात काय होतं, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. पण ती कशाबद्दल आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि ती त्याने तुमच्यासमोर उचलली होती. एकटा असताना ऑनलाइन मागवता आली नसती का?

हॉकीतल्याच एका बापाबद्दल सांगते. ब्रायन बर्क (ग्लेन बर्कशी नातं नाही, आडनाव तेवढं एक). हॉकी संघांचा नावाजलेला व्यवस्थापक, दणकट, भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. खेळाडूंनी अंगावर धावून जावं असं म्हणणारा. त्याचा मुलगा ब्रेंडन शाळेत हॉकी खेळायचा. ड्रेसिंग रूममध्ये समलिंगी लोकांवरून चालणारे विनोद आणि शिव्या ऐकून त्याने खेळणं सोडलं, कारण उद्या आपलं कळलं तर काय, ही भीती. त्या मुलांपैकी कुणालाही आपण ब्रेंडनला काही बोललो, असं वाटलं नसेल. पुढे त्याने घरी सांगितलं. बापाने त्याला जवळ घेतलं. २००९ मध्ये ब्रेंडनने ते जाहीरपणे सांगितलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मोटार अपघातात तो गेला, वयाच्या २१ व्या वर्षी. त्या उन्हाळ्यात हा बाप टोरांटोच्या प्राइड मोर्चात चालला. थोरला भाऊ पॅट्रिक याने २०१२ मध्ये ‘यू कॅन प्ले’ ही संस्था काढली. खेळता येत असेल तर खेळ, बाकी कोण आहेस याने फरक पडत नाही, हा तिचा साधा मुद्दा. हॉकीतल्या प्राइड नाइट्सना बळ मिळालं ते या घरातून. २०२१ मध्ये नॅशव्हिलच्या संघाशी करार असलेल्या १९ वर्षांच्या ल्यूक प्रोकोपने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं; एनएचएलचा करार असलेला असा तो पहिलाच खेळाडू. पण उघडपणे समलिंगी असलेला एकही खेळाडू एनएचएलच्या सामन्यात बर्फावर उतरलेला नाही, हे लिहीपर्यंत तरी. शंभरावर वर्षांच्या लीगमध्ये असा एकही माणूस झाला नसेल, हे तुम्हाला खरं वाटतं?

आता तिकिटं.

बदलू नका. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात: बदलणं, सगळंच रद्द करणं, किंवा जाणं. बदललीत तर बावीस लोक खूश होतील आणि तुमचं वाक्य कायमचं शिक्कामोर्तब होईल. रद्द केलीत तर कुणालाच काही कळणार नाही. हा भित्रेपणा आहे, आणि मुलगा तो ओळखेल. जायचं ठरवलंत तर थोडी तोंडघशी पडायची तयारी ठेवा. ग्रुपवर मोठं भाषण नको, लेखांच्या लिंका नकोत. साधारण असं लिहा: ‘तिकिटं बदलत नाही. त्या दिवशी मी घाईत जे लिहिलं ते मला लिहायला नको होतं. ते मागे घेतो. आपल्या ग्रुपवर मुलंही आहेत आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे आपल्याला माहीत नसतं. ज्यांना यायचं नाही त्यांनी कळवा, तिकीट दुसऱ्याला देऊ, कारण विचारणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ज्यांना श्रद्धेमुळे किंवा नुसतं अवघडल्यामुळे यायचं नसेल, त्यांना मान खाली न घालता बाजूला होता आलं पाहिजे. कुणी वाद घातला, तर फोन करा. व्हॉट्सॲपवर आजपर्यंत कुणाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही.

‘लहान मुलांना काय सांगायचं’ यावर बहुतेक आया-बाप उगाच घाबरतात. पडद्यावर इंद्रधनुष्य, कुठे स्टॉल, कुणाच्या गळ्यात रंगीत माळा, आणि मग नेहमीची मॅच. आठ वर्षांच्या मुलीने विचारलंच, तर ‘काही मुलग्यांना मुलगे आवडतात, काही मुलींना मुली, त्यांना इथे या म्हणून सांगताहेत’ एवढं पुरतं. ती पुढचा प्रश्न पॉपकॉर्नचा विचारेल.

पण एक क्रम पाळा. ग्रुपवर लिहिण्याआधी मुलाशी बोला. त्याने पुन्हा एकदा तुमचं मन फोनच्या पडद्यावर वाचू नये.

‘तू तसा आहेस का?’ हे विचारू नका. तुम्हाला खात्री करून घ्यायची आहे, हे समजतं. अकरा रात्री झोप नाही म्हणालात. पण तो प्रश्न तुमच्या सोयीचा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला कदाचित अजून स्वतःलाच नीट उत्तर ठाऊक नसेल. कदाचित टेप त्याला संघातल्या एखाद्या मित्रासाठी हवी असेल. कदाचित त्याला फक्त आपल्या बापाची लाज वाटली असेल. तेही होतं, आणि माझ्या मते ते चांगलं लक्षण आहे. शिवाय तुमच्या पत्रातला ‘तसा’ हा शब्द मला टोचला. ज्या गोष्टीचं नाव घेताना तुमची जीभ अडखळते, ती गोष्ट त्याने सरळ तुमच्यासमोर मांडावी, अशी अपेक्षा कशी करता?

विचारायचं नाही, सांगायचं. सरावाला सोडायला जाताना गाडीत सांगा. दोघांचे डोळे रस्त्यावर असतात, पळून जाता येत नाही, आणि वीस मिनिटांत सराव सुरू होणार असतो. याहून चांगली जागा मला सुचत नाही. ‘ग्रुपवर मी जे लिहिलं ते चूक होतं. तू वाचलंस याचं वाईट वाटतं, पण तू वाचलं नसतंस तरी ते चूकच होतं. आणि दुकानात तू टेप घेतली होतीस तेव्हा मी नीट बघितलं नाही.’ बस. ‘पण तू समजून घे’, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’, ‘माझे ऑफिसात समलिंगी मित्र आहेत’, यातलं काहीही जोडू नका. तो ‘ओके’ म्हणेल. किंवा तेही म्हणणार नाही, कानात इअरफोन घालेल. तुम्ही गाडी चालवा. टेपचा रोल आणून त्याच्या टेबलावर ठेवायचा मोह होईल, तोही आवरा. माफीबरोबर भेटवस्तू आली की तो सौदा वाटतो. पुढच्या वेळी दुकानात गेलात, तर तुम्ही दाराशी उभे राहा आणि त्याला हवी ती टेप घेऊ द्या.

मॅचला तो कदाचित येणार नाहीच. तरी तुम्ही जा.

आणि समजा, महिन्याने, वर्षाने, कॉलेजातून फोनवर त्याने सांगितलंच, की बाबा, मी समलिंगी आहे. तेव्हा काय करायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. ‘नक्की का?’ विचारू नका. ‘आईला सांगू नकोस’ म्हणू नका, आणि त्याला न विचारता तुम्हीही आईला, आजीला, कुणालाही सांगू नका; बातमी त्याची आहे. डॉक्टर शोधू नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. बदलण्याचे ‘उपचार’ करणारे तिकडेही आहेत, इकडेही. त्यांनी मुलं बदलत नाहीत, मोडतात. रडू आलं तर रडा, पण त्याचं सांत्वन करायचं काम त्याच्यावर टाकू नका. त्यासाठी दुसरे आईबाप आहेत. तुमच्या देशात ‘पीफ्लॅग’ ही पालकांची संघटना १९७३ पासून आहे, एका शाळामास्तरीणबाईंनी मुलासाठी सुरू केलेली. दक्षिण आशियाई घरांसाठी ‘देसी रेनबो पेरेंट्स’ आहे. आणि तुमच्याच बे एरियात, १९८६ मध्ये, ‘त्रिकोण’ ही भारतीय उपखंडातल्या एलजीबीटीक्यू लोकांची संस्था उभी राहिली. म्हणजे तुम्ही तिथे पोचण्याच्याही कितीतरी आधी आपल्यासारखीच नावं-आडनावं असलेली मुलं तुमच्या गावाच्या आसपास एकमेकांना शोधत होती.

इथल्या वाचकांपैकी काही जण म्हणतील, आमच्याकडे कुठली आलीय प्राइड नाइट. खरंय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात धावपटू द्युती चंदने आपल्या मैत्रिणीबद्दल जाहीरपणे सांगितलं. घरच्यांनीच विरोध केला. प्राइड नाइट नसली तरी आपल्याकडे कबड्डीचं मैदान आहे, शाळेची बस आहे, सोसायटीचा बॉक्स क्रिकेटचा ग्रुप आहे, आणि ‘बायकी खेळतो’ हा विनोद आहे. तालमीतल्या किंवा क्लबातल्या प्रशिक्षकांनी तो एक शब्द जरी बंद केला तरी खूप झालं. पालकांना बोलायला कुणी हवं असेल, तर ‘स्वीकार’ हा पालकांचा गट आहे आणि मुंबईत ‘हमसफर’ ही संस्था आहे. फोन करताना मुलाचं नाव सांगावं लागत नाही.

बायकोच्या ‘होईल नीट’वर तुम्ही वैतागलात. वैतागू नका. ‘वय आहे’ म्हणणाऱ्या आया कधी कधी आपल्यापेक्षा जास्त जाणून असतात आणि कुणाला तरी दिलेला शब्द पाळत असतात. तसं आहे की नाही हे मला ठाऊक नाही. तिला खोदून विचारू नका, एवढंच.

मॅच झाली की लिहा. स्कोअर नाही कळवलात तरी चालेल. आयसिंग म्हणजे काय ते मात्र मुलाला विचारून कळवा. त्याच्याच शब्दांत.